रुमालाखालचा भाव

परवा दोन तरुण मुलं माझ्याकडे येऊन गेली. जुन्या पनवेलमधल्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, तेही लिफ्ट बंद असताना, त्यामुळे आधी पाणी प्यायली आणि मग बोलली. गावातल्या एका सभागृहाला माझ्या वडिलांचं नाव द्यायचं घाटतंय, त्यानिमित्त स्मरणिका निघणार आहे, तर "मॅडम, साहेबांवर एक पान लिहून द्या ना, आणि एक क्लिअर फोटो." माझे वडील इंग्रजांच्या राज्यात तांदळाचे बडे व्यापारी होते. पुढे ती पेढी वाऱ्यावर सोडून चळवळीत उतरले, तुरुंगात गेले, स्वराज्य आल्यावर आमदार झाले, मंत्री झाले. आता हे एका पानात बसतं म्हणा, लोकांनी आजवर बसवलंयच. त्यातला एक मुलगा जाता जाता म्हणाला, "साहेब म्हणजे खुल्या भावाचे जनक, ते तेवढं ठळक येऊ दे." मी मान डोलावली, दार लावलं आणि स्वतःशीच चांगली पाच मिनिटं बडबडले. म्हातारपणी एवढी मुभा असते.

ते एक पान मी काही लिहिलं नाही, फोटो तेवढा दिला. पण जनक कोण आणि जननी कोण हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. ते मी सोडून आता कोण लिहिणार? ज्यांना ठाऊक होतं ती माणसं गेली.

आताचं पनवेल बघून कुणाला पटणार नाही की हे तांदळाचं गाव होतं. आता उड्डाणपूल आहेत, मॉल आहेत, डोक्यावरून विमानं जाऊ लागलीत आणि जासईकडे निघालं तर दोन्ही बाजूंना कंटेनरच्या भिंती. मी लहान असताना त्याच जासईहून भाताने भरलेल्या बैलगाड्या यायच्या. त्या गाड्यांची रांग बाजारपेठेच्या तोंडापासून सुरू व्हायची आणि बैल सोडलेले असले की सगळ्या पेठेत पेंढ्याचा आणि शेणाचा वास भरायचा. भातगिरण्या दिवसभर धडधडत असत. कोंड्याची धूळ उन्हात तरंगायची, आमच्या वेण्यांवर बसायची आणि आई ती झटकताना पाठीत एक धपाटाही घालायची, बोनस म्हणून. खाडीला भरती आली की बंदरावर होड्या लागायच्या, पोती चढायची आणि तांदूळ मुंबईला जायचा. मला त्या वासाची इतकी सवय होती की पुढे नोकरीसाठी काही वर्षं पुण्यात काढली तेव्हा तिथली हवा मला अळणी वाटायची. खरंच सांगते, आजही कुठे नव्या भाताचं पोतं फोडलेलं दिसलं तर मी थांबते आणि नाक खुपसते. लोक बघतात, बघू देत.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा मिसरूड फुटायच्या वयात पेढीच्या गादीवर बसले, कारण त्यांचे वडील अकाली गेले. रेशमी फेटा, कानात भिकबाळी आणि बोटांत दोन अंगठ्या, असा त्यांचा तेव्हाचा एक फोटो आमच्याकडे होता. गोऱ्या साहेबाच्या शेजारी ते उभे आहेत, आणि साहेबापेक्षा अण्णाच जास्त खुशीत दिसतात. सरकारी ठेका मिळाला होता ना. कचेरीतल्या तुरुंगाला तांदूळ पुरवायचा ठेका. आता सरकारी ठेक्याचा तांदूळ कसा असतो हे काय सांगायचं. अण्णा स्वतः भाषणातून सांगायचे, "मी खडे विकत होतो, मधे मधे तांदूळ असायचा."

मग मिठाची चळवळ आली. उरणकडची, जासईकडची माणसं मीठ उचलल्याबद्दल धरून आणली आणि पनवेलच्या तुरुंगात कोंबली. ही सगळी माणसं आमचीच गिऱ्हाइकं. वर्षानुवर्षं आमच्या पेढीवर भात घालणारी. अण्णा एकदा हिशेबासाठी कचेरीत गेले असताना गजाआडून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्यांना हाक मारली. म्हणाला, "शेठ, आमी तुमचाच तांदूल खातो हाय. खडे लय हायेत, पन गाव आठवतो." शिवी दिली असती तरी अण्णांनी ऐकून घेतली असती. हे मात्र त्यांना सोसवलं नाही. घरी आले, जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी ठेका सोडला. महिन्याभरात फेटा जाऊन टोपी आली, अंगठ्या आल्या तशा गेल्या, आणि पेढीच्या ओट्यावर उभे राहून ते भाषणं करू लागले. वर्ष उलटायच्या आत ते स्वतः त्याच तुरुंगात होते, आणि तिथून पुढे मोठ्या तुरुंगात. अण्णा खोटे नव्हते हे मला आधीच सांगून ठेवायचंय, कारण पुढे मी त्यांच्यावर जरा चिडणार आहे.

आता हत्त्याबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्या काळी पेठेत भाव तोंडाने बोलत नसत. शेतकरी गाडी घेऊन यायचा, भात ओट्यावर ओतलं जायचं, आणि शेतकऱ्याच्या वतीने विकणारा व घेणारा असे दोन व्यापारी समोरासमोर बसायचे. हातांवर रुमाल नाहीतर उपरणं टाकायचं आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरायची. किती बोटं, कुठलं पेर, दाबलं की सोडलं, यावर भाव ठरायचा. वर चेहरे अगदी मख्ख. ज्याचं भात तो शेतकरी शेजारी उकिडवा बसून नुसता रुमाल हलताना बघायचा. भाव काय झाला हे त्याला शेवटी हातात पैसे पडल्यावर कळायचं, आणि मधल्या मधे काय गेलं ते कधीच कळायचं नाही. याला हत्ता म्हणत. अण्णा त्यात उस्ताद होते. राजकारणातही त्यांची ती खोड गेली नाही. वाटाघाटीत ते आकडा कधी आधी बोलायचे नाहीत, समोरच्याला बोलू द्यायचे आणि चेहरा असा ठेवायचे की त्याला वाटावं आपण फारच मागितलं.

तर हे हत्त्याचे उस्ताद पुढे आमदार झाल्यावर विधानसभेत उभे राहिले आणि म्हणाले, शेतमालाचा भाव चारचौघांत, मोठ्याने, शेतकऱ्याच्या देखत ठरला पाहिजे. त्यांचं म्हणणं असं की आमच्या पनवेलच्या पेठेने हे कायद्याच्या कितीतरी आधी करून दाखवलंय. ते खरंच होतं. अण्णा तुरुंगात गेले तेव्हा पेठेत सगळीकडे रुमाल होते, आणि बाहेर आले तेव्हा भाव मोठ्याने बोलले जात होते. अण्णांनी समजूत करून घेतली की तुरुंगात जाण्याआधी ओट्यावरून आपण जी भाषणं केली, त्यांचा हा परिणाम. सत्य, उघडेपणा, व्यापाऱ्याचं शील, असं बरंच काही ते बोलले होते म्हणे. बाहेर येऊन पाहतात तर पेठ सुधारलेली. कुणाला आनंद होणार नाही? ते त्या आनंदात जे शिरले ते पन्नासेक वर्षं बाहेर आले नाहीत.

आणि मधल्या काळात पेढी कोण चालवत होतं? आई.

आई तेव्हा विशीची. घरात दुसरा कर्ता पुरुष नव्हता. दिवाणजी होते, पण अण्णांच्या मागोमाग तेही घोषणा देत आत गेले. पेढी बंद ठेवली तर शेतकऱ्यांनी भात कुठे घालायचं आणि घरात खायचं काय, म्हणून आई डोक्यावरून पदर घेऊन गादीवर जाऊन बसली. हे सगळ्या गावाला माहीत होतं, अण्णांनाही माहीत होतं. भाषणात ते तसा उल्लेखही करायचे, "माझ्या कुटुंबाने घर सांभाळलं." घर, बरं का. ते ऐकताना माझ्या कपाळात तिडीक जायची आणि आई शांतपणे वाती वळत बसायची.

आमच्याकडे अण्णांना भेटायला माणसांची रीघ असे. मंत्री असताना तर विचारूच नका, पण निवडणूक हरून ते एसटीने पनवेलला परत आले, तरी माणसं येत राहिली. पत्रकार यायचे, प्राध्यापक यायचे, परगावचे कार्यकर्ते यायचे. पडवीत आरामखुर्ची, समोर चहा, आणि हमखास एक प्रश्न, "साहेब, खुल्या भावाची कल्पना तुम्हाला कशी सुचली?" आत स्वयंपाकघरात आई काहीतरी करत असायची. त्या प्रश्नाला तिचे हात थांबायचे. परातीतलं पीठ तसंच, विळीवरची भाजी तशीच. अण्णांचं उत्तर सुरू व्हायचं, ओट्यावरची भाषणं यायची, सत्य यायचं, शील यायचं, आणि मग आईचे हात पुन्हा चालू व्हायचे. मी हे इतक्या वेळा पाहिलं की शेवटी एकदा न राहवून विचारलं, "तू दर वेळी काय ऐकतेस गं एवढं? पाठ नाही झालं अजून?"

तेव्हा मी नुकती बँकेत लागले होते. रविवार होता, आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. आईने सुपावरची नजर वर न करता मला सगळं सांगितलं.

ती गादीवर बसली त्या आठवड्यातच मुंबईकडे माल पाठवणारा पेठेतला एक मोठा व्यापारी खरेदीला आला. ओट्यावर राता भाताची, त्या तांबड्या दाण्याच्या भाताची, रास होती, जासईचे शेतकरी बसलेले होते, भात मोजणारा मापारी उभा होता. त्या व्यापाऱ्याने नेहमीप्रमाणे खांद्यावरचं उपरणं काढलं, आपल्या हातावर टाकलं आणि हात आईपुढे केला. सवयीने केला की चेष्टेने, देव जाणे. सगळी पेठ बघत होती. परक्या बाईचा हात उपरण्याखाली धरायचा म्हणजे काय, हे त्या काळात कुणाला सांगायची गरज नव्हती. आणि हात न द्यावा तर सौदाच होत नव्हता. आई म्हणाली, "माझे कान असे तापले की वाटलं उठावं आणि घरी जाऊन दार लावून घ्यावं. पण उठले असते तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथे बसता आलं नसतं."

ती उठली नाही. तिने आपले दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हात माझा नवऱ्याच्या हाती दिलेला आहे. भाताचा भाव तोंडाने घ्या." आणि भाव सांगितला.

आई पुढे सांगत होती. मग बसलेल्या शेतकऱ्यांपैकी एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "आमच्या भाताचा भाव आमाला आज पयल्यांदा ऐकू आला." त्या व्यापाऱ्याला भर पेठेत उत्तर देणं भाग होतं, तेही तोंडाने. तो कमी बोलला, आई अडून बसली, तो चढला. सौदा झाला. दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यापुढे गाड्यांची रांग दुप्पट झाली. उरणपासूनची माणसं यायला लागली, कुणी तर मोरा बंदराच्या बाजूने उलटं फिरून आले. सगळ्यांना एकच कौतुक, शेठाणीच्या दुकानात भाव ऐकू येतो. बाकीच्या व्यापाऱ्यांनी आधी नाकं मुरडली, बाईच्या तोंडी काय लागायचं म्हणून माल घेईनात. पण भात सगळं आमच्याकडे यायला लागल्यावर करणार काय? एकेकाचा रुमाल खांद्यावर परत गेला. अण्णा सुटून आले तोवर पेठेत हत्ता जवळजवळ संपला होता.

"मग तू अण्णांना हे सांगितलं का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

आईने सूप पाखडलं. म्हणाली, "काय सांगायचं? अमक्याने माझ्यापुढे हात केला म्हणून सांगायचं? तेव्हाचा तुझा बाप म्हणजे जमदग्नी. त्या माणसाचं डोकंच फोडलं असतं. आणि पेठेतल्यांनीही माझी अब्रू म्हणून तोंडं बंद ठेवली, कुणी कधी त्यांच्यापुढे विषय काढला नाही." तो व्यापारी पुढे अण्णांचा उजवा हात झाला, प्रत्येक निवडणुकीत राबला, दिवाळीला आमच्याकडे फराळाला यायचा. आई त्याला चकली वाढायची आणि तो ताटातून मान वर करायचा नाही. मी लहानपणी समजत होते की काका लाजाळू आहेत.

"आणि नंतर तर त्यांनी ते विधानसभेत सांगितलं," आई म्हणाली, "छापून आलं. मग कसं सांगणार?"

मी तावातावाने म्हटलं की तू नको सांगूस, मी आत्ता जाऊन सांगते. आईने माझं मनगट धरलं. तिची बोटं चांगली राकट होती. म्हणाली, "तू काही सांगायचं नाहीस. मला हारतुरे नकोत, पेपरात नाव नको. मी दुकान कसं चालवलं, एवढं त्यांनी मला एकदा विचारावं. सगळ्या जगाची विचारपूस करतात, हे नाही कधी सुचलं. तू सांगितलंस तर ती तक्रार होईल. त्यांनी आपणहून विचारलं पाहिजे."

मला ते पटलं नाही. मुळीच पटलं नाही. पण तिने मनगट सोडलं ते माझ्याकडून शब्द घेऊनच. पुढची कितीतरी वर्षं पडवीत तो प्रश्न आला की मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आईचे थांबलेले हात बघायची, आणि आतून वाटायचं की आता तरी विचारा हो अण्णा, किती वाट बघायची तिने. ते विचारायचे नाहीत. दुष्टपणा नव्हता हो त्यात. आईचं पान वाढल्याशिवाय ते जेवायला बसायचे नाहीत, तिला ताप आला तर रात्रभर उशाशी बसायचे. फक्त ती दोन-अडीच वर्षं तिने काय केलं, हा विचारायचा विषय आहे हेच त्यांच्या डोक्यात आलं नाही. आईचे केस पांढरे झाले, दात गेले, एका कानाने कमी ऐकू यायला लागलं. मग ती चांगल्या कानाची बाजू पडवीकडे करून बसायची. ते पाहिलं की मला रडू यायचं आणि रागही यायचा, दोन्ही एकदम.

अण्णांची पंचाहत्तरी उलटून गेल्यावरची गोष्ट. पनवेलच्या एका कॉलेजात वाणिज्य शाखेच्या मुलांपुढे त्यांचं भाषण ठेवलं होतं. आई असल्या ठिकाणी कधी यायची नाही, पण त्या दिवशी मी हट्टाने तिला नेसवून नेलं. का ते मलाही सांगता यायचं नाही. पुढच्या रांगेत आम्ही दोघी बसलो, तिचा चांगला कान व्यासपीठाकडे. हॉल भरला होता, वरचे पंखे नुसतेच आवाज करत होते. अण्णांनी खड्यांचा किस्सा सांगितला, पोरं खळखळून हसली. मग पेठ, होड्या, गाड्या. मुलांना त्यातलं काही माहीत नव्हतं, पण ऐकत होती. मग हत्ता आला. एका प्राध्यापकांनी सुचवलं, "साहेब, प्रत्यक्ष करून दाखवाल का?"

अण्णा एकदम खुलले. म्हातारपणी आपल्या जुन्या हुन्नराला कुणी विचारलं की माणूस खुलतोच. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, पुढच्या एका मुलाला वर बोलावलं, त्याचा हात उपरण्याखाली घेतला आणि बोटं कशी धरायची ते दाखवू लागले. त्या पोराला गुदगुल्या होत होत्या की काय, ते सारखं हसत होतं. त्याने भलताच भाव सांगितला, अण्णा म्हणाले, "दिवाळं काढशील बापाचं." टाळ्या पडल्या. दुसरा आला, तिसरा आला. मी आईकडे पाहिलं. तिचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले होते.

मग मधल्या रांगेतून एक मुलगी उठली. चष्मा, दोन वेण्या, धीट होती. "सर, मलाही शिकवा ना," म्हणाली आणि भरभर पायऱ्या चढून वर गेली. तिने हात पुढे केला.

अण्णांनी आपला हात मागे घेतला. विचार करून नाही, चटका बसल्यासारखा. हसत हसतच म्हणाले, "नाही हं बाळ, हे बायकांचं काम नव्हे. परक्या बाईचा हात आम्ही कधी..."

आणि थांबले.

भाषणात ते मधेच थांबायचे, टाळीसाठी. पोरांना वाटलं तसंच काहीतरी असेल, काहींनी टाळ्या वाजवल्यासुद्धा. पण अण्णा त्या मुलीच्या पुढे केलेल्या हाताकडे बघत होते. उपरणं त्यांच्या मनगटावर तसंच लोंबत होतं. टाळ्या विरल्या. प्राचार्य अस्वस्थ झाले, एकाने पाण्याचा पेला पुढे केला. अण्णांनी मान वळवून पुढच्या रांगेत पाहिलं. आईकडे. 

समोर माईक चालू होता, त्यामुळे सगळ्या हॉलला ऐकू गेलं. अण्णा म्हणाले, "अगं, मग तू भाव कसा करत होतीस?"

आईने पदर सारखा केला. तिला ऐकू आलं असेल की नाही अशी मला शंका आली, म्हणून मी तिच्या कानाशी वाकले, तर तिने मला हातानेच बाजूला सारलं. बसल्या जागेवरून, माईकशिवाय, त्या ओट्यावर बोलली असेल तशा आवाजात ती म्हणाली, "तोंडाने."

पोरं हसली. त्यांना काय कळणार. अण्णा हसले नाहीत. त्यांनी खुर्चीचा हात धरला आणि हळूहळू खाली बसले. त्या चष्मेवाल्या मुलीला वाटलं आपलं काहीतरी चुकलं, ती बिचारी "सॉरी सर" म्हणून परत फिरायला लागली. अण्णांनी तिला थांबवलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग माईकमध्ये म्हणाले, "पेठेत भाव माझ्या भाषणाने उघडा झाला, असं मी आजवर सांगत आलो. ते चुकीचं आहे. कसा झाला ते मला माहीत नाही. मी घरी जाऊन विचारतो." एवढंच बोलून त्यांनी नमस्कार केला. सभा तिथेच संपली, आभारप्रदर्शनसुद्धा राहिलं.

आम्ही रिक्षाने घरी निघालो. तलावापाशी आल्यावर अण्णांनी विचारलं, "एवढी वर्षं सांगितलं का नाहीस?" आई म्हणाली, "तुम्ही विचारलं नाहीत." त्यात राग नव्हता. दूध तापलं का, नाही तापलं, अशा सुरात म्हणाली. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, पुढे एक गाय बसली होती.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर दिवस कुठले म्हणाल तर ते. सकाळचा चहा झाला की अण्णा आईला पडवीत बसवून घ्यायचे आणि विचारायचे, पहिल्या दिवशी गादीवर कशी बसलीस, मापारी काय म्हणाला, भाव कसा ठरवलास, घाबरलीस का, होडी बुडाली त्या खेपेला काय केलंस. आई सांगायची. विसरली तर थांबायची, आठवलं की मागे जायची, मधेच कुणाची तरी नक्कल करायची. ती नक्कल करते हे मला तोवर माहीतच नव्हतं. अण्णा एखाद्या शाळकरी पोरासारखे पुढे झुकून ऐकायचे आणि "मग?" म्हणायचे. त्या हात पुढे करणाऱ्या व्यापाऱ्याचं आलं तेव्हा ते मागे टेकले. तो तेव्हा जिवंत नव्हता. "फराळाला येत होता आपल्याकडे," एवढंच म्हणाले. मग त्यांचे डोळे भरून आले. आईने त्यांना रडू दिलं. "आता काय त्याचं," असं म्हणून विषय झटकायची तिची नेहमीची सवय होती, पण त्या दिवशी ती तसं म्हणाली नाही. तिनेही डोळे पुसले आणि मग पुढचं सांगायला लागली.

अण्णा त्यानंतर काही वर्षं होते. माणसं तशीच येत राहिली, चहा तसाच होत राहिला. कुणीतरी वही उघडून विचारायचं, "साहेब, खुल्या भावाची कल्पना तुम्हाला कशी सुचली?" अण्णा त्याला हाताने थांबवायचे, आरामखुर्चीतून कष्टाने उठायचे, ती खुर्ची मोकळी करून स्वतः बाजूच्या बाकावर बसायचे आणि आत तोंड करून, तिला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने हाक मारायचे, "अगं, बाहेर ये. तुझ्या दुकानाचं विचारायला आलेत."